थंडी अंगात मुरते का?

करवीर तालुक्यातल्या एका तरुणाचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असा मजकूर काढून ते इथं देते.

“डॉक्टरताई, नमस्कार. मी 23 वर्षांचा आहे. आयटीआय झाल्यावर बरेच दिवस घरीच होतो. दिवाळीनंतर एका कोल्ड स्टोअरमध्ये लागलो. आइस्क्रीमचा माल असतो, आत उणे 20 डिग्री. आठ तासांची पाळी. क्रेट लावायचे, मोजायचे, गाडी भरायची. पहिले आठ-दहा दिवस दातावर दात वाजायचे. आता तेवढं काही वाटत नाही. आमच्यात 56 वर्षांचे एक काका आहेत, बीपीची गोळी चालू आहे, तरी ते हातमोजे घालत नाहीत. म्हणतात, ‘म्हैनाभर कड काढ, मग अंगात मुरतीया थंडी. मला बघ, काय बी होत न्हाई.’ मोज्यात बोटं चालत नाहीत म्हणून लेबल लावताना मी पण मोजे काढतो. पण गेल्या पंधरवड्यापासून उजव्या हाताची दोन बोटं मधूनच पांढरी फटक पडतात. बाहेर आल्यावर दहा-पंधरा मिनिटं तशीच राहतात, मग निळसर होतात, मग लाल होऊन ठणकतात. आई म्हणते, काम सोड, छातीत गारठा बसून न्यूमोनिया होईल. आबा जुने पैलवान. ते म्हणतात, आमच्या घरचं पोरगं थंडीला भितंय व्हय? रोज पहाटे गार पाण्यानं आंघोळ कर, सगळं जाईल. खरं कुणाचं धरू?”

तुला उत्तर आधी देते, कारणं मागाहून. काम सोडायची गरज मला आज दिसत नाही. मोजे काढणं मात्र आजपासून बंद, आणि ती दोन बोटं याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवायची. काकांचं म्हणणं अर्धं खरं आहे. शरीराला थंडीची सवय होते, यात शंका नाही. पण सगळ्यात आधी आणि सगळ्यात सहज होते ती थंडी कमी जाणवण्याची सवय. थंडी जे नुकसान करते ते त्यामुळं कमी होतंच असं नाही. हा फरक डोक्यात पक्का बसावा म्हणून हे लांबलचक उत्तर लिहिते आहे.

तू दार ओढून आत गेलास की काय होतं ते बघ. कातडीत थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंची टोकं असतात. (कपाळाला मेंथॉलचा बाम चोळला की गार वाटतं ते यांच्यामुळंच. तिथं गारवा नसतो, मेंथॉल त्या टोकांना फसवतं.) त्यांच्याकडून बातमी मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसकडे जाते. शरीराच्या गाभ्याचं तापमान 37 अंशांच्या आसपास ठेवणं हे त्याचं काम. ते 35 च्या खाली उतरलं की हायपोथर्मिया सुरू झाला असं आम्ही म्हणतो. म्हणून बातमी येताच तो बोटं, कान, नाक इथल्या रक्तवाहिन्या आवळायला लावतो. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलं की तुमच्याकडं कडेच्या सऱ्या बांधून टाकतात आणि असेल तेवढं पाणी मधल्या उसाला देतात ना, तसंच हे. गरम रक्त हृदय, फुप्फुसं, मेंदू यांच्याकडं वळतं आणि बोटं गारठतात. एवढ्यानं भागलं नाही तर स्नायू थरथरायला लागतात. हुडहुडी भरते तेव्हा शरीर स्वस्थ बसलेल्या माणसाच्या पाचपटीपर्यंत उष्णता तयार करू शकतं. पहिल्या आठवड्यात तुझे दात वाजत होते ते यासाठी.

मग आता ते का वाजत नाहीत?

एक तर शरीर त्या बातमीला पूर्वीइतकं घाबरत नाही. रोज तीच थंडी, तेवढाच वेळ, आणि पाळी संपली की सुटका, असं चाललं की रक्तवाहिन्या आवळणं आणि थरथरणं दोन्ही सौम्य होत जातं. थंडीशी जुळवून घेण्याचा माणसांत सर्वांत जास्त दिसणारा प्रकार हाच. याचं फार बोलकं उदाहरण मध्य ऑस्ट्रेलियातलं आहे. तिथले आदिवासी वाळवंटातल्या शून्याच्या जवळपास जाणाऱ्या रात्री जवळजवळ उघड्या अंगानं, शेजारी छोटी शेकोटी ठेवून झोपत. 1958 मध्ये शोलँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्याशेजारी तशाच अवस्थेत गोऱ्या माणसांना झोपवून मोजमाप केलं. गोरी माणसं रात्रभर कुडकुडत राहिली, धड झोपली नाहीत. आदिवासी शांत झोपले. पण थर्मामीटर बघितलं तर त्यांची कातडी जास्त गार पडली होती आणि शरीराचं तापमानही खाली आलं होतं. त्यांच्या शरीरानं रात्रभर इंधन जाळण्यापेक्षा थोडं गार होणं पत्करलं होतं. तिथल्या हवेत, पिढ्यान्‌पिढ्यांच्या सरावात हा सौदा शहाणपणाचा आहे. उणे 20 च्या खोलीत, पंख्याच्या वाऱ्यात उघडी बोटं असताना तोच सौदा केला तर फार महागात पडतो.

दुसरा बदल खराखुरा उष्णता वाढवणारा आहे, आणि मला तो फार विलक्षण वाटतो. आपल्या अंगात नेहमीच्या पांढऱ्या चरबीखेरीज थोडी तपकिरी चरबी असते. तिचं काम साठा करण्याचं नाही, ती जळून थेट ऊब देते. तान्ह्या बाळाला हुडहुडी भरत नाही, ते या चरबीवर ऊब धरतं. मोठेपणी ती जवळपास संपते असं आम्हाला शिकवलं गेलं होतं. पण 2009 मध्ये एकापाठोपाठ एक संशोधनं छापून आली आणि मोठ्या माणसांच्या मानेत, गळ्याखालच्या हाडाच्या वरच्या खळगीत ती काम करताना दिसली. पुढं 2013 मध्ये नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या शास्त्रज्ञांनी 17 जणांना दहा दिवस, रोज सहा तास, 15-16 अंशांच्या खोलीत बसवलं. दहा दिवसांनी त्यांच्या तपकिरी चरबीचं काम वाढलं होतं, न थरथरता तयार होणारी उष्णता वाढली होती, आणि त्यांना स्वतःला थंडीही कमी वाटत होती. म्हणजे काकांचा ‘म्हैनाभर’ हा हिशोब अगदीच हवेतला नाही.

पण त्या 17 जणांची खोली 15-16 अंशांवर होती, आणि अंगावर कपडे बेताचे. आपल्याकडं पौषातल्या पहाटे साधारण तेवढंच तापमान असतं. तुझी खोली त्याहून पस्तीस अंशांनी थंड आहे. तिथं तुला वाचवतं ते जॅकेट. जॅकेटच्या आत, छातीपाठीपाशी, हवा उबदारच असते. म्हणजे तुझ्या गाभ्याला थंडीचा सराव म्हणावा असा घडतच नाही. सगळा मार नाक, गाल आणि हातांवर. ‘मला सवय झाली’ असं तू म्हणतोस, तेव्हा बहुधा तुझं मन आणि तुझी कातडी बोलत असतात. तपकिरी चरबी कितीही वाढली तरी ती बोटाच्या पेरापर्यंत येऊन लढणार नाही.

आणि ही सवय कायमची राहत नाही. कोरियात समुद्राच्या तळाशी बुडी मारून शंख-शिंपले काढणाऱ्या बायका आहेत. 1977 च्या सुमारापर्यंत त्या सुती कपड्यांत, हिवाळ्यातही, गार समुद्रात उतरत. त्यांची शरीरं थंडीला इतकी सरावली होती की शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं त्यांचा अभ्यास करत होते. मग रबरी सूट आले आणि पुढच्या काही वर्षांत ते सगळे बदल मावळले. शरीराला नको असलेला खर्च ते लगेच बंद करतं.

आता हातांकडं येऊ, कारण खरी काळजी मला त्यांचीच आहे.

बोटांची कातडी 15 अंशांच्या आसपास आली की बोटं अवघडतात, लेबलचं टोक नखानं सुटत नाही. ती सात-आठ अंशांवर गेली की स्पर्शच कळेनासा होतो. तू मोजे काढतोस ते बोटं नीट चालावीत म्हणून. पण उणे 20 मध्ये उघडी बोटं मोज्यातल्या बोटांपेक्षा लवकर बधिर होतात. पहिली दोन लेबलं पटकन लागत असतील, पुढची वाकडीच लागणार. त्यात लोखंडी रॅक आणि ट्रॉलीची दांडी. धातू ऊब झपाट्यानं ओढून घेतो. ओलसर बोट टेकलं तर चिकटतं आणि कातडी सोलवटते. लोकर किंवा पॉलिएस्टरचा पातळ मोजा आत आणि जाड मोजा वर, असे दोन थर घाल. लेबल लावायचं असेल तेव्हा फक्त वरचा काढायचा, काम झालं की लगेच चढवायचा. त्याहून बरं म्हणजे लेबलचं काम दाराबाहेर करायची परवानगी माग. मागायला हरकत काय आहे?

निसर्गानं बोटांसाठी एक सोय केलेली आहे, तीही सांगते. ब्रिटिश डॉक्टर थॉमस लुईस यांनी 1930 मध्ये लिहून ठेवलं की बोट बर्फाच्या पाण्यात धरलं तर आधी गारठतं, आणि पाच-दहा मिनिटांनी त्यातल्या रक्तवाहिन्या अचानक उघडून बोट थोडं गरम होतं, परत गारठतं, परत गरम होतं. वर्षानुवर्षं थंड पाण्यात जाळी ओढणाऱ्या मच्छीमारांच्या हातांत हे चांगलं चालतं. कुणी तुला सांगेल की रोज बर्फात हात बुडवून सराव कर. तसं करणाऱ्यांच्या बोटांत हा फायदा भरवशानं दिसलेला नाही, उलट इजा होण्याची भीती आहे. करू नकोस.

तुझ्या बोटांत तर याच्या उलट चाललं आहे. पांढरं, मग निळसर, मग लाल आणि ठणका, हा क्रम तू अगदी नेमका लिहिला आहेस, त्याबद्दल शाबासकी देते. या प्रकाराला रेनॉड म्हणतात. मॉरिस रेनॉड या फ्रेंच डॉक्टरांनी 1862 मध्ये त्याचं वर्णन केलं. थंडी लागली की बोटांतल्या बारीक रोहिण्या गरजेपेक्षा जास्त आवळतात. रक्त अडलं की बोट पांढरं, आतला प्राणवायू संपत आला की निळं, वाट मोकळी झाली की लाल. बऱ्याच जणांत ते साधं असतं आणि ऊब सांभाळली की निभतं. पण पुरुषात, कामाला लागल्यावर, एकाच हाताच्या दोनच बोटांत सुरू झालं असेल तर डॉक्टरांनी तपासलेलंच बरं. आयटीआयमध्ये किंवा आधीच्या कामात ग्राइंडर, ड्रिल असं थरथरणारं यंत्र फार चालवलं असशील तर तेही सांग, त्यानंही बोटं पांढरी पडतात. आणि एक विचारते, खरं उत्तर स्वतःला दे. सुट्टीत तळहातावर तंबाखू मळतोस का? सिगारेट? निकोटिन त्याच रोहिण्या आणखी आवळतं. बोटं वाचवायची असतील तर ते आधी सुटलं पाहिजे.

बोटं पांढरी पडली की बाहेर ये, हात काखेत धर किंवा कोमट पाण्यात ठेव. कोपर बुडवून बघ, सोसवेल इतपतच पाणी गरम हवं. चोळायचं नाही. शेगडीवर, हीटरवर किंवा गाडीच्या इंजिनवर धरायचं नाही, कारण बधिर बोटाला भाजलेलं कळत नाही. अर्ध्या तासात रंग आला नाही, बोट मेणासारखं कडक लागलं, फोड आले किंवा टोक काळपट दिसलं, तर त्या दिवशी पाळी सोडून थेट दवाखाना.

काकांचं काय? त्यांना काहीच होत नाही असं तू लिहिलंस. वय वाढेल तशी थंडी ओळखायची ताकद कमी होते, रक्तवाहिन्यांचं आवळणं आणि थरथरणंही मंदावतं. साखरेचा आजार असेल तर बोटांच्या नसा आधीच बधिर झालेल्या असू शकतात. अशा माणसाला थंडी कळत नाही म्हणून तो जास्त वेळ उघड्या हातानं आत राहतो. शिवाय थंडीत रक्तवाहिन्या आवळल्या की रक्तदाब चढतो, हृदयावर ताण येतो. हिवाळ्यात हृदयविकाराचे झटके जास्त येतात, त्यामागं हे एक कारण आहे. आणि बीपीच्या काही गोळ्यांनीच, उदाहरणार्थ ॲटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉलनं, हातपाय गार पडतात. गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, पण आपण उणे 20 मध्ये काम करतो हे काकांनी त्यांच्या डॉक्टरांना सांगितलंय का, एवढं विचार. बहुतेक सांगितलेलं नसतं. त्यांच्याशी वाद घालू नकोस. ‘काका, उद्या माझ्याबरोबर बीपी मोजायला चला’ म्हण, पुतण्यासारख्या पोराचं कुणी मोडत नाही.

आईला माझा निरोप सांग. न्यूमोनिया जंतूंनी होतो, गार हवा छातीत शिरून बसत नाही. नाक फार कामाचं आहे. उणे 20 ची हवासुद्धा ते वाटेतच गरम आणि ओलसर करतं, ती खोल फुप्फुसात पोचेपर्यंत शरीराच्या तापमानाजवळ आलेली असते. फक्त तोंडानं श्वास घेत पळापळ करायची नाही, आणि नाकावरून मफलर घ्यायचा. आईची काळजी एका बाबतीत रास्त आहे. लहानपणी तुला दम्याचा त्रास असेल, आत काम करताना छाती आवळत असेल, शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर थंड कोरडी हवा श्वासनलिका आकुंचित करते. तसं असेल तर हे काम तुझं नव्हे.

आबांचा मान ठेवून सांगते. गंगावेशीतल्या तालमीत पोरं पहाटे लंगोटावर उतरतात आणि त्यांना गारठा बाधत नाही, हे खरंच आहे. जोर-बैठका मारताना स्नायू एवढी उष्णता तयार करतात की अंगातून वाफ निघते. तुझ्या कामात मात्र दहा मिनिटं क्रेट उचलायचे आणि पंधरा मिनिटं वही घेऊन उभं राहायचं असतं, आणि घाम आल्यावर उभं राहणं हेच सगळ्यात वाईट. व्यायाम जरूर कर, कसलेलं शरीर थंडीत जास्त टिकतं. गार पाण्याची आंघोळ तुझ्या तब्येतीला सोसत असेल तर कर, पण बोटांवर तो इलाज नाही. बोटं पांढरी पडत आहेत तोवर तर कोमट पाणीच घे. आणि आबांनी या वयात बादलीभर गार पाणी एकदम डोक्यावर ओतू नये, हे माझ्या नावावर सांग.

घामाचं मी मुद्दाम लिहिते, कारण जॅकेट दिलं की सगळं झालं असं वाटतं. सुती बनियन घाम धरून ठेवतं आणि ओलं कापड अंगातली ऊब ओढून घेतं. आतला थर पॉलिएस्टरचा किंवा लोकरीचा घे. धनगरी घोंगडं ओलसर असतानाही ऊब का देतं, तर लोकरीच्या धाग्यांत हवा अडकून राहते म्हणून. डबा खाण्याच्या सुट्टीत बनियन आणि पायमोजे बदल, एक कोरडा जोड पिशवीत ठेव. ओझी उचलताना चेन थोडी खाली, थांबलास की वर.

थंडीत लघवीला सारखं जावं लागतं म्हणून तुम्ही मंडळी पाणी पीत नाही, हे मला ठाऊक आहे. बोटांतलं रक्त आत वळलं की शरीराला वाटतं पाणी जास्त झालं, आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. मग तहानेनं थकवा येतो. पाणी प्यायचं. उपाशी पोटी आत जायचं नाही, भाकरी-आमटी खाऊन जा, खिशात गूळ-शेंगदाणे असू देत. रात्रपाळीला कुणी ‘एक पेग मार, गरम राहशील’ म्हणालं तर ऐकू नकोस. दारूनं कातडीतल्या रक्तवाहिन्या उघडतात. गरम वाटतं, आणि त्याच वेळी आतली ऊब बाहेर निघून जात असते.

कामाच्या वेळेचं सुपरवायझरशी बोल. जर्मनीच्या मानकात उणे 18 ते उणे 30 च्या खोलीत सलग दीड तासाहून जास्त थांबू नये आणि नंतर अर्धा तास उबेत काढावा, असं सांगितलं आहे. आपल्याकडं तेवढं मिळेल न मिळेल, पण मागताना आकडा हाताशी असू दे. पाच-सहा जणांनी मिळून मागा. मोजे आणि जॅकेट धड देणं मालकाचं काम आहे, उपकार नव्हेत. आत एकट्यानं जायचं नाही. दार आतून उघडण्याची कळ चालते का, हे आठवड्याला बघायचं. आणि जोडीदाराची जीभ जड झाली, हातातून क्रेट निसटायला लागले, चाल अडखळली, किंवा बडबड्या माणूस उगाच गप्प झाला, तर त्याला विचारत बसू नका, धरून बाहेर आणा. तो ‘मी बरा आहे’ म्हणणारच.

डॉक्टरांकडं जाताना ईएसआय कार्ड (कामगार विम्याचं) असेल तर ते घेऊन जा, नसेल तर सीपीआरच्या, म्हणजे कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयाच्या, बाह्यरुग्ण विभागात मेडिसिनला दाखव. एक अडचण येईल. तू तिथं पोचेपर्यंत बोटं नेहमीसारखी दिसतील आणि डॉक्टर म्हणतील, काय झालंय याला? म्हणून पुढच्या वेळी बोटं पांढरी पडली की मित्राला मोबाइलवर दोन्ही हातांचे फोटो काढायला सांग, पांढरी असताना एक, निळसर झाल्यावर एक, लाल झाल्यावर एक. वेळ फोटोवर आपोआप येते. आणि कागदावर तारीख, किती वेळ आत होतास, मोजे होते की नव्हते, एवढं लिहून ने.